पाहिलें कीं जुळविलें?

"मीं हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें" असें कोणी म्हणाला कीं बहुधा वाद संपतो. ऐकीव गोष्टीवर लोक शंका घेतात, अनुमानांत खोट काढतात, ग्रंथवचनाचे दोन दोन अर्थ लावतात; परंतु डोळ्यांनीं पाहिल्याची साक्ष आली म्हणजे विरुद्ध पक्षाचा माणूसहि क्षणभर गप्प बसतो. आमच्या तत्त्वज्ञांनीं प्रमाणांची गणना करतांना प्रत्यक्षाला पहिलें आसन दिलें, आणि ज्या चार्वाकांनीं इतर सर्व प्रमाणें झुगारून दिलीं त्यांनीं देखील या एकाला हात लावला नाहीं. अशा या 'पाहणें' शब्दाचा अर्थ अलीकडच्या एका यंत्रानें पुष्कळच बदलून टाकला आहे. तो बदल प्रयोगशाळेपुरता असता तर आम्हीं या मासिकाचीं पानें त्यासाठीं अडविलीं नसतीं. आमच्या समजुतीनें त्याचा संबंध थेट न्यायबुद्धीशीं, किंबहुना शेजाऱ्याकडे आपण कोणत्या नजरेनें पाहतों याच्याशीं, पोंचतो. म्हणूनच हा विषय पदार्थविज्ञानाच्या अध्यापकांवर सोंपवून मोकळें होणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

२०११ सालच्या डिसेंबर महिन्यांत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंतून एक चित्रफीत प्रसिद्ध झाली. तींत एक शीतपेयाची बाटली आडवी ठेवलेली आहे. तिच्या बुडांतून प्रकाशाचा एक पुंजका आंत शिरतो, एखादा मासा पाण्यांतून सरकावा तसा टोपणाकडे सरकत जातो, आणि टोपणापाशीं आपटून फांकतो. दिवा लावला कीं खोली उजळते एवढेंच ज्यांना ठाऊक, त्या आम्हां माणसांना प्रकाश वाटेंत कोठें आहे हें त्या चित्रफितींत दिसलें. हें काम ज्या मंडळींनीं केलें त्यांचे पुढारी रमेश रासकर हे आमच्या शेजारच्या नाशिकचे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकून ते पुढें अमेरिकेस गेले. आंद्रेआस वेल्टन हे तरुण संशोधक व मौंगी बावेंदी हे रसायनज्ञ त्यांचे सहकारी होते. यांपैकीं बावेंदींना २०२३ सालीं निराळ्याच कामासाठीं नोबेल पारितोषिक मिळालें. सेकंदाला एक लाख कोटी चित्रें घेणारा कॅमेरा निघाला, अशी या गोष्टीची जगभर वार्ता झाली. ही वार्ता खरी आहे काय? आमचें उत्तर असें आहे कीं ती एका अर्थानें खरी आहे व दुसऱ्या अर्थानें नाहीं, आणि हे दोन अर्थ निराळे न ठेवल्यामुळें माणसांचें फार मोठें नुकसान झालेलें आहे.

प्रकाशाला 'चालतांना' पाहणें म्हणजे काय, हें समजण्यास आमच्या जिल्ह्याबाहेर जावयास नको. (जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं बदलून अहिल्यानगर झालें, बोलण्यांत मात्र तो पूर्वींहि नगर जिल्हा होता व आजहि आहे.) रणगाडा-दलाचें केंद्र व विद्यालय नगर शहरास आहे, आणि नगर, पारनेर व राहुरी या तालुक्यांकडे के. के. रेंज नांवाचें लष्कराचें गोळीबाराचें विस्तीर्ण मैदान आहे. सरावाच्या दिवशीं दूरच्या टेकाडावर शेळ्या चारणाऱ्या पोराला प्रथम जाळ दिसतो व मग धडाका ऐकूं येतो. तो साडेतीन किलोमीटरांवर असेल तर मध्यंतरीं सुमारें दहा सेकंद जातात. आवाज मागाहून येतो हें त्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. पण जाळ मात्र घडला तेव्हांच दिसला असें तो समजतो, आणि आपणहि समजतों. वास्तविक तेवढें अंतर कापण्यास प्रकाशालाहि सेकंदाचा सुमारें एक लक्षांश वेळ लागतो. फूटभर बाटलींतील पाण्यांतून जाण्यास त्याला सेकंदाच्या एक अब्जांशाहून थोडा अधिक वेळ पुरतो. आणि सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले असतां त्यांतल्या एका भागांत, ज्याला पिकोसेकंद म्हणतात त्यांत, तो हवेंतून मिलिमीटरचे तीन दशांश एवढाच पुढें सरकतो. प्रकाशाला वाटेंत गांठावयाचें तर घड्याळ या मापाचें पाहिजे. असें घड्याळ कोणत्याहि कांट्याचें किंवा चाकाचें होणें शक्य नाहीं.

तें कशानें झालें हें सांगण्यासाठीं आम्ही वाचकांस एका फार जुन्या खेळाची आठवण देतों. अंधारांत पोरें जळतें कोलीत हातांत धरून गरगर फिरवितात, आणि पाहणाऱ्यास अग्नीचें अखंड वर्तुळ दिसतें. वर्तुळ तेथें नसतें. एक ठिणगी असते, ती क्षणाक्षणाला जागा बदलते, आणि डोळा त्या सर्व क्षणांना एकाच वेळीं एका पटावर मांडतो. गौडपादाचार्यांच्या मांडूक्यकारिकांतील चवथ्या प्रकरणाचें अलातशांति हें नांव या कोलितावरूनच आलेलें आहे, आणि तेथें तो दृष्टांत दृश्य जगाच्या भासासाठीं योजिलेला आहे. आतां गंमत अशी पाहावी, कीं कोलीत फिरविणाऱ्या हाताचा वेग आपणांस नक्की ठाऊक असेल, आणि मध्येंच तें कोलीत पळभर विझून पुन्हा पेटलें, तर त्या भासमान वर्तुळांत पडलेल्या खंडावरून तें किती वेळ विझलें होतें हें पट्टीनें मोजतां येईल. म्हणजे वेळ ही जागेंत उतरली. वेदान्त्यानें भ्रमाचें उदाहरण म्हणून जें पुढें ठेवलें तेंच मोजणाऱ्याच्या हातीं गजासारखें उपयोगी पडलें. १८३४ सालीं इंग्लंडांत चार्ल्स व्हीट्स्टननें हेंच केलें. त्यानें विजेची ठिणगी वेगानें फिरणाऱ्या आरशांत पाहिली. प्रतिबिंब किती सरकलें व किती लांबलें यावरून वीज तारेंतून किती वेगानें जाते हें ठरविण्याचा त्यानें प्रयत्न केला.

स्ट्रीक कॅमेरा, आपल्या भाषेंत रेघ ओढणारा कॅमेरा, हा या आरशाचाच वंशज होय. त्यांत आरशाच्या जागीं विजेची योजना असते. प्रकाश प्रथम एका अरुंद फटींतून आंत येतो व एका विशिष्ट लेपावर पडतो. त्या लेपांतून, जेवढा प्रकाश पडेल त्या मानानें, विद्युत्कण बाहेर पडतात. ते पुढें दोन पट्ट्यांमधून जातात, आणि नेमक्या त्याच वेळीं त्या पट्ट्यांवरील विजेचा दाब अतिशय झपाट्यानें चढविण्यांत येतो. आधीं आलेले कण थोडे वळतात, नंतर आलेले जास्त वळतात, आणि समोरच्या चमकणाऱ्या पडद्यावर ते वेगवेगळ्या उंचीवर जाऊन आदळतात. पडद्यावर जें चित्र उमटतें त्यांत आडवें अंतर फटींतल्या जागेचें असतें आणि उभें अंतर वेळेचें. उत्तम प्रतीच्या यंत्रांत पिकोसेकंदाचेहि अंश याप्रमाणें निराळे करतां येतात. आमच्या नैयायिकांचा एक आवडता दृष्टांत आहे: कमळाच्या शंभर पाकळ्या एकावर एक ठेवून सुई खुपसली तर ती सर्वांतून एकदमच गेलीशी वाटते, पण ती गेलेली असते एकीमागून एकींतून. ज्ञानें एकाच वेळीं होत नाहींत, झाल्यासारखीं वाटतात, हें दाखविण्यासाठीं तो ते देत. पाकळी-पाकळीमधला तो वेळ मोजावा असें त्यांच्या मनांत आलें नाहीं, कारण मोजण्यास हातीं कांहींच नव्हतें. आज वनस्पतीच्या पानानें शोषलेला सूर्यप्रकाश आंतल्या एका अणुसमूहाकडून दुसऱ्याकडे कसा पोंचतो, रंगद्रव्यावर पडलेला उजेड किती वेळानें परत बाहेर पडतो, असले प्रश्न याच जातीच्या यंत्रांपुढें ठेवण्यांत येतात व त्यांचीं उत्तरें मिळतात. या कर्तबगारीबद्दल आम्हांस निर्मळ कौतुक आहे, आणि पुढें जें लिहावयाचें आहे तें तिला उणेपणा आणण्यासाठीं नव्हे.

परंतु प्रत्येक वस्तूला किंमत असते. वर सांगितलेल्या यंत्रांत ती किंमत फटीच्या रूपानें द्यावी लागते. पडद्याची एक दिशा वेळेनें अडविल्यावर जागेसाठीं एकच दिशा उरते; म्हणून यंत्र दृश्याची एक ओळ तेवढी पाहतें. बाटलीची एक आडवी चीर दिसेल. वरची व खालची बाटली त्याला दिसत नाहीं. धांवण्याच्या शर्यतींत अंतिम रेषेवर जो कॅमेरा लावतात त्याची हीच रीत आहे. तो त्या रेषेवरची एक अरुंद पट्टी तेवढी सारखी टिपत राहतो व पट्ट्या शेजारीं शेजारीं मांडतो. त्या छायाचित्रांत सात-आठ धांवपटू एका मैदानांत दिसतात. पण त्यांतला प्रत्येक उभा भाग निराळ्या क्षणाचा असतो, आणि रेषेवरच टेकलेला पाय चमत्कारिक लांब दिसतो. पंच त्यावरून निकाल देतात आणि तो बिनचूक असतो, कारण प्रश्नच एवढा असतो कीं रेषेवर आधीं कोण आला. मैदानावर कोण कोठें होता असा प्रश्न त्या चित्राला विचारला तर तें खोटें उत्तर देईल.

मग रासकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं सबंध बाटली कशी दाखविली? येथें आमच्या लेखाचा गाभा आहे. त्यांनीं प्रकाशाचा एक स्पंद सोडला, आणि स्ट्रीक कॅमेऱ्यानें एका ओळीचा हिशेब घेतला. मग हुबेहूब तसाच दुसरा स्पंद सोडला, तिसरा सोडला. लेसरमधून असे स्पंद सेकंदाला कोट्यवधि निघतात. एकेका ओळीवर पुष्कळ स्पंदांचा प्रकाश सांठविला, मग आरसा किंचित् फिरवून दुसरी ओळ घेतली, मग तिसरी. प्रकाशाला बाटलींतून जाण्यास जेथें सेकंदाचा अब्जांश लागतो, तेथें ही सारी सामग्री गोळा करण्यास सुमारें एक तास लागला. नंतर संगणकानें त्या ओळी जुळवून एक चित्रफीत केली, आणि तींतल्या एकेका चित्राचा काळ दोन पिकोसेकंदांहूनहि कमी धरला. आपण पाहतों तो पुंजका टोपणाकडे निघालेला एक प्रवासी दिसतो. खरें पाहतां ते अगणित प्रवासी आहेत, आणि प्रत्येकाच्या अंगाचा एकेक तिळाएवढा तुकडा घेऊन तो एक रंगविलेला आहे. त्या तासाभरांत बाटलींतून जे स्पंद गेले त्यांपैकीं एकहि पुरता असा कोणीं पाहिलेला नाहीं. भरीला आणखी एक गोष्ट आहे. दूरच्या वस्तूवरून परतणारा प्रकाश कॅमेऱ्यापाशीं उशिरां पोंचतो. म्हणून चित्रफितींतला क्रम हा घटना कळण्याचा क्रम असतो, घडण्याचा असतोच असें नाहीं, आणि तो गणितानें दुरुस्त करावा लागतो. टेकाडावरच्या पोराला जाळ व धडाका यांबाबत जें कळलें होतें तेंच येथें प्रकाश व प्रकाश यांबाबत आलें.

यांत लपवाछपवी मुळींच नव्हती. हें सर्व त्या मंडळींनीं स्वतःच, आणि थट्टेच्या सुरांतहि, सांगितलें. इतक्या वेगवान् कॅमेऱ्याला एक तास लागतो ही विसंगति त्यांच्या नजरेंतून सुटलेली नव्हती. आमचा प्रश्न त्यांच्या प्रामाणिकपणाचा नाहीं. आमचा प्रश्न असा आहे कीं या ज्ञानाला नांव काय द्यावें?

दिङ्नागप्रभृति बौद्ध नैयायिकांनीं एक मोठा मार्मिक भेद केला होता. ती एकमेव वस्तु, जशी त्या क्षणीं त्या जागीं आहे तशी, म्हणजे स्वलक्षण. आणि अनेकांत सारखें आढळणारें जें रूप तें सामान्यलक्षण. प्रत्यक्षाचा विषय पहिलें, अनुमानाचा विषय दुसरें. या कसोटीवर घांसलें असतां आमची बाटलीची चित्रफीत दिसावयास प्रत्यक्षासारखी असून स्वभावानें अनुमानाच्या जातीची आहे. 'हा स्पंद असा गेला' असें तिला म्हणतां येत नाहीं. 'असले स्पंद असे जातात' एवढेंच ती म्हणूं शकते. शाळेंत ज्यांनीं लंबकाचा प्रयोग केला असेल त्यांना हें परकें वाटूं नये. वीस आंदोलनांना लागलेला वेळ घ्यावयाचा व वीसानें भागावयाचें. येणारें उत्तर एका आंदोलनाचें म्हणून वहींत लिहावयाचें. तें एक आंदोलन कोणतें, असें गुरुजींना विचारणारा मुलगा उद्धट ठरतो, पण त्याचा प्रश्न चुकीचा नसतो.

येथें कोणी म्हणेल, आणि न्यायानें म्हणेल, कीं सगळेंच ज्ञान असें आहे. डोळा देखील क्षणोक्षणीं हलत असतो व मेंदू तुकडे जुळवितो. ज्वराची लक्षणें वैद्य शिकतो तीं हजार रोग्यांवरून, आणि तीं त्या एका रोग्याला लावतो. न लावील तर रोगी दगावेल. हें सर्व आम्हांस मान्य आहे. स्पंद आणि स्पंद यांत, लंबकाचें एक आंदोलन व दुसरें यांत, आपल्या कामापुरता भेद नसतो. त्यांना स्वतःचें असें चरित्र नसतें. तेथें अनेकांचें एक करण्यांत कोणाचीहि हानि होत नाहीं, उलट ज्ञान वाढतें. वैद्यहि रोग्याची नाडी पाहतो, आणि पुस्तकांतलें चित्र याच्याशीं जुळलें नाहीं तर चित्र बाजूला ठेवतो; निदान चांगला वैद्य ठेवतो. प्रश्न उभा राहतो तो जेथें घटना एकदांच घडते व कर्त्याला चरित्र असतें तेथें.

असें जुळविलेलें चित्र माणसांवर वापरण्याचा प्रयोग एकदां झालेला आहे. १८७८ च्या सुमारास इंग्लंडांतील फ्रॅन्सिस गाल्टन या विद्वानानें कैद्यांचीं छायाचित्रें मिळविलीं आणि एकाच काचेवर, प्रत्येकाला थोडा थोडा प्रकाश देऊन, एकावर एक उमटविलीं. अनेक गुन्हेगारांच्या चेहऱ्यांतून गुन्हेगाराचा मूळ चेहरा वर येईल अशी त्यामागें अपेक्षा होती. पद्धति तीच: अनेक वेळां थोडें थोडें घ्यावयाचें व एक करावयाचें. निष्पन्न झालेला चेहरा मूळच्या प्रत्येकाहून सौम्य व बरा निघाला, आणि हें गाल्टननें स्वतः नमूद करून ठेवलें. प्रत्येकाचा व्रण, प्रत्येकाचें वांकडें नाक, प्रत्येकाची ती एक नजर, सर्व पुसून जाऊन खालीं राहिला तो सामान्य मनुष्य. प्रयोगानें प्रयोगकर्त्याला एवढें स्वच्छ उत्तर क्वचितच दिलेलें असेल.

सरकारी कायद्याला मात्र तें उत्तर ऐकूं गेलें नाहीं. गाल्टनच्या आधींच, १८७१ सालीं, या देशांत गुन्हेगार जमातींचा कायदा झाला होता, व १९११ च्या कायद्यानें तो देशभर लागू करण्याची सोय झाली. जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार म्हणून नोंदल्या गेल्या. नोंदलेल्या माणसानें पोलिसांकडे हजेरी द्यावयाची, परवानगीवांचून गांव सोडावयाचें नाहीं, आणि कित्येकांनीं तर तारेच्या कुंपणांतल्या वसाहतींत राहावयाचें. काय केलें म्हणून, असा प्रश्नच नव्हता. तो कोण, एवढेंच पुरे होतें. १९५२ सालीं हा कायदा रद्द झाला. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेकडील श्रीगोंदें, कर्जत, जामखेड या तालुक्यांत पारधी समाजाचीं कुटुंबें राहतात. कायदा जाऊन सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी गांवांत चोरी झाली कीं पहिलें बोट कोणत्या पालाकडे वळतें, हें या भागांत राहणाऱ्या कोणासहि सांगावयास नको. आणि बोट दाखविणारा दुष्टच असतो असें नाहीं. तो बहुधा सभ्य, देवभीरु, मुलांना शाळेंत पाठविणारा गृहस्थ असतो. त्याच्या डोळ्यांपुढें एक चित्र असतें. ऐकलेल्या पन्नास गोष्टींतून एकेक ओळ घेऊन तें तयार झालेलें असतें. आणि त्याला तें जुळविलेलें वाटत नाहीं, पाहिलेलें वाटतें. 'हे लोक असेच' या वाक्यांत त्या रात्रीं त्या घरीं त्या माणसानें काय केलें याची एकहि ओळ नसते.

या बाबतींत आपला साक्षीचा कायदा आपल्या मनाहून शहाणा आहे असें आम्हांस वाटतें. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत असें कलम होतें कीं फौजदारी खटल्यांत आरोपीचें पूर्वींचें वाईट शील हें, कांहीं अपवाद सोडून, पुरावा म्हणून पुढें आणतां येत नाहीं. आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेंहि तो नियम राखलेला आहे. ज्याच्या नांवावर दहा चोऱ्या आहेत त्याला अकराव्या चोरीपुरतें कोरें मानावें, ही कल्पना सामान्य माणसाला हास्यास्पद वाटते. फौजदार म्हणेल, मग आम्ही शोधाला आरंभ कोठून करावा? त्याचें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. कोठें पाहावें हें ठरविण्यास सामान्य ज्ञान उपयोगी पडतें. काय दिसलें हें सांगण्यास तें उपयोगी नाहीं. या दोहोंच्या मधें न्यायाधीश बसविला आहे तो एवढ्याचसाठीं. आमची तक्रार इतकीच कीं न्यायाधीश कोर्टांतच बसतो. चावडीवर, ओट्यावर, शिक्षकांच्या खोलींत तो बसत नाहीं. वर्गांत पेन हरवलें असतां आम्हां शिक्षकमंडळींची नजर कोठें जाते हें ज्याचें त्यानें आठवावें.

मग एकदांच घडलेली गोष्ट कळावयाची कशी? तिचा उपाय आमच्याच जिल्ह्यांतून निघालेल्या एका ग्रंथाच्या इतिहासांत आहे. नेवाशास १२९० सालीं ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली. तें सांगणें एकदांच झालें. तें पुन्हा घडविणें कोणाच्याहि हातीं नव्हतें. पुढें प्रतींवरून प्रती झाल्या, पाठ बिघडले, आणि १५८४ सालीं पैठणास एकनाथांनीं अनेक प्रती ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध केला. हेंहि अनेकांतून एक करणेंच आहे. पण भेद ध्यानांत घ्यावा: त्या सर्व प्रती एकाच घटनेच्या होत्या. ज्ञानेश्वर नसलेल्या पण त्यांच्यासारख्या दहा कवींचे ग्रंथ जमवून, 'असले कवि असें लिहितात' म्हणून नाथांनीं एकहि ओळ भरली नाहीं. एका गोष्टीचे अनेक साक्षीदार घेणें निराळें, आणि तिच्यासारख्या अनेक गोष्टींना एकीची साक्ष द्यावयास लावणें निराळें. पहिल्यानें एकट्या घटनेजवळ जातां येतें. दुसऱ्यानें आपण जातीजवळ जातों व एकट्याला तेथेंच हरवून बसतों.

पदार्थविज्ञानवाल्यांनाहि ही अडचण जुनीच आहे. स्फोट पुन्हा तोच होत नाहीं. स्फोटकांतून स्फोटाची लाट सेकंदाला सात किलोमीटरांच्या आसपास धांवते, आणि ती मोजण्यासाठीं रेघ ओढणारे कॅमेरे कितीतरी वर्षांपासून लावीत आले आहेत. पण तेथें ते निमूटपणें एका फटीवर समाधान मानतात. एकदांच घडणारें असेल तर थोडें दिसेल, पण दिसेल तें त्याचेंच असेल, असा तो सौदा आहे. २०१४ सालीं अमेरिकेंतील सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठांत लिहाँग वांग यांच्या मंडळींनीं फट पूर्ण उघडून, दृश्यावर आधीं ठिपक्यांचा एक सांकेतिक छाप बसवून, एकाच घटनेचीं सबंध चित्रें सेकंदाला शंभर अब्ज या वेगानें मिळविलीं. यांत पुनरावृत्तीचा आश्रय नाहीं. त्याऐवजीं एकावर एक पडलेल्या प्रतिमा सोडविण्यासाठीं गणिताला कांहीं गृहीत धरावें लागतें: निसर्गांतलीं दृश्यें साधारणपणें अमुक प्रकारचीं असतात, असें. बहुतेक वेळां तीं तशीं असतातहि. पण 'साधारणपणें' हा पाहुणा मागल्या दारानें पुन्हा घरांत आलाच.

आतां हा पाहुणा प्रयोगशाळेंतहि राहिलेला नाहीं. हल्लींचे भ्रमणध्वनि रात्रीं फोटो घेतात तो एका क्षणाचा नसतो. एकामागून एक घेतलेलीं अनेक चित्रें आंतल्या आंत मिसळून एक दाखविलें जातें. २०२३ पासून तर असेहि भ्रमणध्वनि निघाले आहेत कीं कुटुंबाचे चार-सहा फोटो घ्यावे आणि यंत्रानें एकांतून आजीचा हंसरा चेहरा, दुसऱ्यांतून धाकट्याचे उघडे डोळे, तिसऱ्यांतून वडिलांची सरळ मान घेऊन एक उत्तम फोटो करून द्यावा. त्या फोटोंतील प्रत्येक चेहरा खरा असतो. ती घटका मात्र कधींच आलेली नसते. घरच्या भिंतीवर तो लावण्यास आमची हरकत नाहीं. लग्नकार्यांत सर्वांचे डोळे एकदम उघडे सांपडणें किती कठीण, हें आम्हीहि जाणतों. पण असलीं चित्रें उद्यां चोरीच्या, मारामारीच्या, रस्त्यावरील अपघाताच्या खटल्यांत पुरावा म्हणून दाखल होतील, आणि पालांत राहणारा एखादा अशिक्षित माणूस आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा असेल. त्याच्या वकिलानें छायाचित्रांतला माणूस कोण हें विचारण्यापूर्वीं, तें छायाचित्र किती क्षणांचें आहे व मधल्या जागा कशानें भरल्या आहेत, हें विचारावें; आणि न्यायाधीशानें त्या प्रश्नाचें उत्तर येईपर्यंत चित्र उपडें ठेवावें.